फोन नवा, खातं मुलाचं

प्रश्न : ताई, सात वर्षं वापरलेला फोन अखेर दमला म्हणून बारा दिवसांपूर्वी नवा घेतला. मुलगा एका संध्याकाळपुरता आला होता. त्याने भराभरा सगळं चालू करून दिलं आणि तो गेला. तेव्हापासून माझं काही खरं नाही. बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही, दुपारी फोन हाताला गरम लागतो. चार्जिंगला लावला तर 80 वर येऊन अडकतो, पुढे सरकतच नाही. बोलताना गालाने काहीतरी दाबलं जातं आणि समोरचा नुसता 'हॅलो, हॅलो' करत राहतो. बोटाचा ठसा दहात चारदा लागतो. बंद करायला बाजूचं बटण दाबून धरलं की एक बाई बोलायला लागते. रात्री दहा वाजले की स्क्रीनवरचे रंगच जातात, सगळं काळंपांढरं. त्यानंतर फोन वाजतही नाही. फक्त माझी बहीण लागोपाठ दोनदा फोन करते तेव्हा दुसऱ्यांदा वाजतो. त्या बहिणीचा नंबर नव्या फोनमध्ये नाही, पण मुलाच्या ऑफिसातल्या चाळीस अनोळखी माणसांचे आहेत. मुलगा म्हणतो, 'आई, फोनला काही झालेलं नाही, तुला जमत नाहीये.' फोन परत करू, की जुनाच काढून वापरू? माझं वय 61.
– एक वाचक

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तक्रारी मोजल्या, आठ भरल्या. दुसऱ्यांदा कारणं शोधली तर पाचच निघाली, आणि 'तुम्हाला जमत नाही' हे कारण त्या पाचांत कुठेच बसेना. उलट बहिणीचा फोन दुसऱ्यांदा वाजतो ही बारीक गोष्ट तुम्ही टिपलीत आणि माझं अर्धं काम करून टाकलंत.

परत करायचा की नाही, हे आज ठरवू नका. पण बिल मात्र आजच काढून बघा. फोन परत किंवा बदलून घेण्याची मुदत वॉरंटीपेक्षा फार लहान असते. वॉरंटीत फोन दुरुस्त होऊन मिळतो, मुदतीच्या आत गेलात तर बदलून मिळू शकतो. बारा दिवस गेलेच आहेत. ती तारीख कागदावर लिहून समोर ठेवा आणि मग पुढचं वाचा.

आता तुमची रात्र. वर्णनावरून फोन अँड्रॉइडचा दिसतो. त्यात 'डिजिटल वेलबीइंग' नावाचा एक विभाग असतो आणि त्या विभागात 'बेडटाइम मोड' नावाची सोय असते. माणसाने रात्री फोन बाजूला ठेवून झोपावं, हा तिचा हेतू. ठरलेली वेळ झाली की ती स्क्रीनचे रंग काढून घेते, म्हणजे बघण्यातली गोडी जाते. शिवाय 'डू नॉट डिस्टर्ब' लावते, म्हणजे कुणी झोपमोड करू नये. मात्र एक फट ठेवलेली असते. एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन आला, तर काहीतरी तातडीचं असणार असं धरून तो वाजू दिला जातो. तुमच्या भगिनी रोज त्या फटीतून आत येताहेत. स्क्रीन बिघडलेली नाही, स्पीकरही बिघडलेला नाही. फोन सुरू करताना एकामागून एक विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी एकाला कुणीतरी न वाचता 'होय' म्हटलं, एवढंच.

सेटिंग उघडलंत की वरच्या बाजूला शोधायची पट्टी किंवा भिंगाचं चिन्ह दिसेल. तिथे 'बेडटाइम' टाका. फोन इंग्रजीत असेल तर शब्दही इंग्रजीतच टाका. या पट्टीशी मैत्री करा. प्रत्येक कंपनी सेटिंगची मांडणी वेगळी करते, आणि अपडेट आला की तीही बदलते. कुठल्या चिन्हाखाली काय आहे ते पाठ करण्यात अर्थ नाही. हवी ती गोष्ट शोधून काढता आली की झालं. वेळापत्रक नको असेल तर काढून टाका. मी तुमच्या जागी असते तर रंग परत आणले असते, पण रात्रीची शांतता ठेवली असती. रात्री-अपरात्री ज्यांचा फोन वाजलाच पाहिजे अशा चार-पाच जणांच्या नावापुढे स्टार लावायचा आणि 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये फक्त स्टारवाल्यांना मुभा द्यायची. म्हणजे बहिणीला दोनदा फोन करावा लागणार नाही.

गालाची तक्रार थोडी वेगळी आहे, कारण इथे खरा दोषही असू शकतो. बोलताना आपण फोन कानाला लावला की स्क्रीन आपोआप काळी व्हायला हवी. ते काम 'प्रॉक्सिमिटी सेन्सर' करतो. बहुतेक फोनांत कानाजवळच्या फटीपाशी हा सेन्सर असतो, काहींत स्क्रीनच्या खालीच लपवलेला असतो. तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो, गालावर आपटून तो परत आला की फोनला कळतं की समोर कुणीतरी आहे. नव्या फोनवर हौसेने जी जास्तीची काच लावतात, तिची काळी कड नेमकी या सेन्सरवर आली तर दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर तो आंधळा होतो, मग स्क्रीन उजळ राहते आणि गाल बटणं दाबत बसतो. नाहीतर समोर सतत कुणीतरी आहे असा त्याला भास होतो आणि कॉल संपला तरी स्क्रीन काळीच राहते. तुमचं पहिलं प्रकरण दिसतं. समोरचा 'हॅलो, हॅलो' करतो याचंही बहुधा हेच कारण. म्यूटचं बटण गालाच्या अगदी टप्प्यात असतं.

करून बघा. बहिणीला फोन लावा, स्पीकरवर न टाकता फोन समोर धरा आणि वरच्या टोकावर तळहात झाका. स्क्रीन काळी झाली तर सेन्सर ठीक आहे, फक्त बोलताना फोनचं वरचं टोक कानाला नीट टेकवायचं. काळी झाली नाही तर ती जास्तीची काच काढून पुन्हा तोच प्रयोग करा. काच गेली तर जाऊ द्या, फोनपेक्षा ती महाग नाही. काच काढूनही स्क्रीन उजळच राहिली, तर हा मुद्दा 'बदलून मागायचा' यादीत लिहा.

इथे माझीच एक फजिती सांगते. मागे एक फोन घेतला तेव्हा पहिले पंधरा दिवस सगळी माणसं विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी ऐकू यायची. मला वाटलं, कान गेले. कानाच्या डॉक्टरांची वेळसुद्धा घेऊन ठेवली होती. मग एकदा स्क्रीन पुसताना नखाला काहीतरी लागलं. खोक्यातून येताना फोनवर जी पातळ प्लास्टिकची फिल्म असते ती मी काढलीच नव्हती, आणि ती कानाच्या फटीवर ताणून बसली होती. डॉक्टरांना काय कारण सांगून वेळ रद्द केली ते विचारू नका. तुमच्याही फोनवर अशी फिल्म उरली असेल तर आधी ती काढा. मग आवाज रेकॉर्ड करायचं ॲप उघडून दोन वाक्यं बोला आणि ऐका. त्यानंतर एक छोटा व्हिडिओ काढा आणि तोही ऐका. बहुतेक फोनांत एकाहून जास्त माइक असतात आणि या दोन कामांना वेगवेगळे वापरले जाऊ शकतात, म्हणून दोन्ही करायचं. आवाज दोन्हीकडे स्वच्छ असेल तर माइक निर्दोष, दोषी गाल. आवाज दबका आला तर कव्हर काढून पुन्हा बघा. एक मात्र करू नका. खालच्या बारीक भोकात पिन घालू नका. सिमचा ट्रे काढायचं भोक आणि माइकचं भोक दिसायला जुळे भाऊ असतात, आणि पिनेने माइक फोडल्यावर वॉरंटीवाले हात वर करतात.

बोटाच्या ठशाबद्दल एकच प्रश्न विचारते. तो नोंदवताना बोट कुणाचं होतं? बघणाऱ्याने आधी स्वतःचं बोट लावून पाहायचं आणि मग घाईघाईने मालकाचं एक बोट उरकून टाकायचं, असं फार वेळा होतं. त्यातून ठसा आधी नोंदवला आणि काच नंतर चिकटवली असेल, तर उघड्या स्क्रीनवर घेतलेला ठसा काचेतून आलेल्या ठशाशी जुळेलच असं नाही. सेन्सर स्क्रीनच्या खाली असेल तर हा त्रास हमखास. काचेचं काय ते आधी ठरवा. ती ठेवणार असाल तर काचेसकट, काढणार असाल तर काचेविना, जुने सगळे ठसे पुसून नव्याने नोंदवा. बोट कोरडं, पण रखरखीत नको. कडेच्या बाजूही फिरवून द्या. वयाबरोबर बोटावरच्या रेषा उथळ होत जातात, म्हणून तोच अंगठा दोनदा नोंदवणं ही जुनी आणि चालणारी युक्ती आहे. मुलाचं बोट पुन्हा नोंदवू नका. विश्वास नाही म्हणून नव्हे, फोन तुमचा आहे म्हणून.

आणि आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं ते. ऑफिसातली चाळीस माणसं तुमच्या फोनमध्ये आली कुठून?

अँड्रॉइड फोन पहिल्यांदा चालू केला की तो गूगलचं खातं मागतो. तुमच्या चिरंजीवांना घाई होती. तुमचा पासवर्ड तुम्हाला आठवला नसेल, किंवा त्यांनी विचारलाही नसेल. त्यांनी स्वतःचं खातं टाकलं आणि गाडी पुढे हाकली. घराघरात हे होतं, आणि मदत करणाऱ्याला वाटतं की काम झालं. प्रत्यक्षात फोन तुमच्या हातात असतो, पण तो स्वतःला मुलाचा समजत असतो.

त्याचे परिणाम बघा. त्यांच्या खात्यातले सगळे संपर्क तुमच्याकडे उतरले. तुम्ही या बारा दिवसांत जे नवे नंबर साठवलेत ते बहुधा उलट दिशेने त्यांच्या खात्यात गेले असतील. एखाद्या मीटिंगमध्ये त्यांना आपल्या फोनवर 'दातांचे डॉक्टर, नवीन' असं नाव दिसेल, तेव्हा त्यांना ते कळेल. फोटोंचा बॅकअप चालू असेल तर तुमचे फोटो त्यांच्या गूगल फोटोजमध्ये साठताहेत आणि त्यांची जागा खाताहेत. गूगल एका खात्याला फुकट 15 जीबी देतं, आणि जीमेल, ड्राइव्ह व फोटो हे तिघं मिळून तेवढ्यातच भागवतात. त्यांचे मेल, त्यांचं कॅलेंडर तुमच्या फोनवर दिवसभर जुळवलं जात असेल. बॅटरी कुठे जाते याचं एक उत्तर इथेही आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुलूप. चोराला फोन पुसून विकता येऊ नये म्हणून 2015 सालच्या अँड्रॉइड 5.1 पासून अशी तजवीज आहे की, खातं न काढता फोन बाहेरून रिसेट केला तर तो पुन्हा सुरू होताना आधीच्याच खात्याचा पासवर्ड मागतो. उद्या तुमचा फोन अडला आणि मुलगा त्याचा पासवर्ड विसरलेला असला, तर स्वतःच्याच फोनच्या दाराबाहेर तुम्ही उभ्या राहाल.

बहिणीचा नंबर न येण्याचं कारणही याच्या जवळपासच आहे. जुन्या फोनमध्ये तो खात्यात नव्हे, तर फोनच्या किंवा सिमच्या मेमरीत साठवलेला असणार. खात्यातलं सगळं आपोआप नव्या फोनवर येतं, फोनच्या मेमरीत ठेवलेलं जुन्या फोनमध्येच बसून राहतं.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे तुमचं खातं जोडायचं, त्यांचं काढायचं, आणि कुठे काय चिकटून राहिलंय ते पुढचे महिनाभर वेचत बसायचं. दुसरा म्हणजे फोन पुसून पहिल्यापासून मांडायचा. वर्ष झालं असतं तर मी पहिला सुचवला असता. तुमचे बाराच दिवस झालेत, तेव्हा सरळ दुसरा करा.

त्यासाठी तुमचा जुना फोन लागेल. तुमचं गूगल खातं आहेच. खात्याशिवाय त्या फोनवर प्ले स्टोअरमधून ॲप घेता आली नसती. जुन्या फोनच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट्स' उघडा, तिथे जो पत्ता दिसेल तो तुमचा. पासवर्ड आठवत नसेल तर तो नव्याने ठरवण्याचं काम याच फोनवरून सोपं जातं, कारण इथे तुम्ही अजून लॉग-इन आहात. (म्हणूनच नवा फोन आला की जुना लगेच पुसून टाकणाऱ्यांचा मला राग येतो.) मग जुन्या फोनच्या कॉन्टॅक्ट्समध्ये जाऊन फोनवरचे आणि सिमवरचे नंबर त्या खात्यात हलवा. 'मूव्ह', 'इम्पोर्ट' किंवा 'एक्स्पोर्ट' अशा नावाने ती सोय सापडेल. बहिणीचं नाव खात्यात आलं की नाही ते डोळ्यांनी बघा.

नव्या फोनवर बारा दिवसांत साठवलेले नंबर कागदावर उतरवून घ्या, दहा-पंधरा तर असतील. फोटो जुन्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर काढून ठेवा. मग तुमचं खातं नव्या फोनवर जोडा आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'चॅट बॅकअप' उघडून बघा. तो कुणाच्या खात्यात जातोय? मुलाच्या जात असेल तर तिथे तुमचं खातं निवडा आणि लगेच एक बॅकअप घ्या. पूर्ण होईपर्यंत थांबा, वायफायवर करा. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, गप्पा गेल्या तर परत येत नाहीत. त्यानंतर मुलाचं खातं फोनवरून काढा. त्यांच्या खात्यातलं काहीही पुसलं जात नाही, फक्त तुमच्या फोनशी असलेला त्याचा संबंध तुटतो. आणि मग सेटिंगमधून 'फॅक्टरी रिसेट'.

फोन पुन्हा जागा झाला की खातं तुमचं टाका. व्हॉट्सॲपला तोच नंबर द्या, 6 आकडी कोड एसएमएसने येईल, आणि बॅकअप सापडला आहे, परत आणू का, असं ते स्वतःच विचारेल. तो कोड तुमच्यासाठीच आहे. फोनवर गोड बोलून तो विचारणारा माणूस कुठल्याही कंपनीचा नसतो. बँकेची ॲप पुन्हा नोंदवावी लागतील. ती सगळ्यात शेवटी करा, सिम नव्या फोनमध्ये असताना आणि डोकं शांत असताना.

मुलाला शेजारी बसवायचं असेल तर जरूर बसवा, पण एका अटीवर : त्यांचे हात पाठीमागे. फोन तुमच्या हातात, बोट तुमचं. त्यांनी वाचून दाखवावं, समजावून सांगावं, पण दाबायचं तुम्ही. वेळ तिप्पट लागेल आणि दोघंही एकदा तरी चिडाल. चालेल. 'होय' म्हणण्याआधी प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचा. न समजलेल्याला 'नंतर' किंवा 'वगळा' म्हणा. फोनचं काही अडत नाही, या गोष्टी पुढे कधीही चालू करता येतात.

बॅटरीबद्दल आता थोडक्यात सांगता येईल. पुसून मांडल्यावर पहिले तीन-चार दिवस ती पुन्हा भराभर उतरेल. ॲप उतरत असतात, त्यांचे अपडेट येत असतात, फोटो परत येऊन त्यांची आतल्या आत वर्गवारी चाललेली असते, आणि तुम्ही कुठलं ॲप किती वापरता हेही फोन शिकत असतो. त्या दिवसांत फोन कोमट लागणं स्वाभाविक आहे. आठवडा झाल्यावर सेटिंगमध्ये 'बॅटरी' उघडून कुणी किती खाल्ली याची यादी बघा. वर स्क्रीन असेल तर उजेड कमी करा. जे ॲप तुम्ही उघडलंच नाही तेच वर बसलं असेल, तर त्याच्या मागच्या दाराने चाललेल्या कामावर बंदी घाला. मोबाइल नेटवर्क वर असेल तर तुम्ही बसता त्या जागी सिग्नल कमजोर आहे. टॉवर लांब असला की फोनला जोर लावून बोलावं लागतं, आणि तो जोर बॅटरीतून येतो. अशा ठिकाणी घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून बोलण्याची सोय, चालू करून बघा.

80 वर अडकणं हा तर फोनचा शहाणपणा आहे. 'पहिल्यांदा आठ तास चार्ज करा, मग पूर्ण उतरू द्या' हा जो सल्ला तुम्हाला अजून कुणीतरी देईल, तो निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. त्या बॅटऱ्या अर्धवट उतरवून पुन्हा पुन्हा भरल्या तर तेवढ्याच पुरत्या राहायच्या, म्हणून ती पद्धत. लिथियम-आयन बॅटरी 1991 मध्ये बाजारात आली आणि तिने ती खोड मोडली. ती घडवणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण तो सल्ला अजून निवृत्त झालेला नाही. या बॅटरीची खोड निराळी आहे. काठोकाठ भरलेल्या अवस्थेत तासन् तास राहणं आणि उष्णता, या दोन गोष्टींनी ती लवकर म्हातारी होते. म्हणून नव्या फोनांत 80 ला थांबण्याची सोय असते. 'बॅटरी प्रोटेक्शन', 'ॲडॉप्टिव्ह चार्जिंग' अशा नावांनी शोधा. 80 वर तुमचा दिवस निघत असेल तर तशीच राहू द्या. प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री काढून टाका आणि पूर्ण भरा.

बोलणाऱ्या बाईंचं म्हणाल, तर त्या असिस्टंट, म्हणजे तोंडी सांगितलेली कामं करणारी फोनमधली मदतनीस. बटण दाबून धरलं की फोन बंद व्हायचा पर्याय यायचा, ते काम बऱ्याच नव्या फोनांनी त्यांना दिलं आहे. कुणाला विचारून दिलं ते देव जाणे. मला हा बदल अजिबात आवडलेला नाही. तूर्त ते बटण आणि आवाज वाढवायचं बटण एकदम दाबा (काही फोनांत आवाज कमी करायचं). किंवा वरून बोटाने दोनदा खाली ओढा, बंद करायचं चिन्ह तिथेही असतं. कायमचा बदल हवा असेल तर सेटिंगच्या पट्टीत 'पॉवर बटण' शोधा.

हे सगळं सेटिंगचं झालं. फोन खरोखर सदोष असेल तर तो कशाने ओळखायचा, हे मुदत संपायच्या आत बघून घ्या. फोन टेबलावर नुसता पडून असताना गरम होतो का? स्क्रीनवर न हलणारा ठिपका किंवा रेघ आहे का? एखादं चिन्ह बोटाने धरून स्क्रीनच्या प्रत्येक कोपऱ्यातून फिरवा, वाटेत कुठे सुटलं तर तिथे स्पर्श मेलेला आहे. सिमला रेंज नाही आणि तेच सिम त्याच जागी जुन्या फोनमध्ये चालतंय? फोन आपोआप बंद-चालू होतो? तसं असेल तर 'सेफ मोड'मध्ये चालवून बघा, त्यात तुम्ही नंतर घातलेली ॲप झोपवलेली असतात. त्यातही तो बंद पडला तर ॲपचा दोष नाही. डायलवर *#06# दाबून येणारा 15 आकडी आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळतो का तेही बघा. दोन सिमचा फोन असेल तर असे दोन नंबर दिसतील. आणि स्क्रीन किंवा मागची बाजू फुगून उचलली गेलेली दिसली तर चार्जिंग त्याच क्षणी थांबवा. दाबून बसवू नका, थेट सर्व्हिस सेंटरला न्या.

यातलं काही सापडलं तर व्हिडिओ काढा, तारीख लिहा, आणि बिल घेऊन जा. 'फोन नीट चालत नाही' असं सांगू नका, 'झाकला तरी कॉलमध्ये स्क्रीन काळी होत नाही, काच काढूनही होत नाही' असं सांगा. पहिल्या वाक्याला ते रिस्टार्ट करून परत देतात, दुसऱ्याला त्यांना फोन तपासावाच लागतो. फोन करायचा असेल तर खोक्यातल्या वॉरंटीच्या कागदावरचा नंबर लावा. इंटरनेटवर शोधलेल्या मदतीच्या नंबरांत ठगांचे नंबर मिसळलेले असतात. कुणी 'तुमची स्क्रीन मला दिसू द्या, हे ॲप घ्या' म्हणालं तर फोन ठेवून द्या.

आणि जुन्याकडे परत जायचं का, तर नाही. पण तो महिनाभर चार्ज करून कपाटात ठेवा. वायफायवर तो तसाही चालेल. या महिन्यात तुम्हाला एखादा नंबर, एखादा फोटो, कुठला तरी पासवर्ड आठवेल आणि तो तिथेच सापडेल. महिन्याने सगळं आलं अशी खात्री झाली की त्यावरचं खातं आधी सेटिंगमधून काढा, मग तो पुसा, मग ज्याला द्यायचा त्याला द्या. सिम आणि मेमरी कार्ड आत राहिलं नाही ना, तेवढं ट्रे उघडून बघा. कार्ड विसरणाऱ्यांची पत्रं मला महिन्याला एक तरी येतात.

ता. क. तुमच्या रात्रीच्या वेळापत्रकात गजर अडवला जात नाही, ती सवलत मुळातच दिलेली असते. तरी एक दिवस दुपारी 'डू नॉट डिस्टर्ब' लावून पाच मिनिटांनंतरचा गजर लावा आणि वाजतो का ते ऐका.